गंडभेरुंडाचं रुखवत

माझ्या घराच्या दारावर एक जुनं सूप टांगलेलं आहे. त्यावर हत्तीच्या सोंडेची मगर काढलेली आहे, सोंडेत खडू आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘गप्प बसा’. येणारा माणूस आधी ते वाचतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग उगाचच हळू आवाजात बोलायला लागतो. सव्वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. रोज सकाळी फळ्यावर नवा सुविचार लिहिला. आणि एवढं करून माझ्या घराला ब्रीद मिळालं ते हे. हे सगळं शेजारच्या साखराबाईचं काम.

नायगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिचा नवरा रामलिंग शेती करतो, सोयाबीन आणि तूर. त्याच्याइतका थंड माणूस मी पाहिला नाही. गारपीट होवो, बैल हरवो, मेहुणा रुसून बसो, त्याचं उत्तर एकच असतं, “बघू की.” साखराबाई नेमकी उलटी. ती सातवीपर्यंत शिकली, वहीभर चित्रं काढते म्हणून मास्तरांचा मार खाल्ला (तो मास्तर मी नव्हे), आणि लग्न झाल्यावर हातातली ती खुमखुमी रुखवतावर काढली.

लग्नात मुलीकडची मंडळी टेबलं लावून जी कलाकुसर आणि फराळ मांडतात, ते गावात कुणाचंही असो, करायची साखराबाई. शेवयांची पालखी, बत्ताशांचं तुळशीवृंदावन, लोकरीचा ससा. बघणारे “छान हाय” म्हणायचे आणि पंगत धरायला पळायचे. कुणी केलं, हे तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं? मी बुंदी संपायच्या आत पोचायच्या नादात असायचो.

पुढं तिच्या लेकीनं, पुनमनं, एका उन्हाळ्यात मोबाईलवर एक परदेशी मालिका लावून दिली. हिंदीत बोलणारी गोरी माणसं, बर्फ, तलवारी आणि आकाशात उडून आग ओकणारे ड्रॅगन. अंगणात कुरडया घालता घालता साखराबाईनं ती सगळी पाहिली. त्यात प्रत्येक मोठ्या घराण्याच्या ढालीवर एक जनावर असायचं आणि एक ब्रीद असायचं. संकट आलं की ते लोक छाती काढून आपलं ब्रीद म्हणायचे आणि मग बहुतेक मरायचे. साखराबाईला ते मरणं तेवढं पटलं नाही, बाकी सगळं पटलं.

ड्रॅगनही तिला फारसा आवडला नव्हता. “येवढं मोठं जनावर, आन् नुसतं जाळत हिंडतंय,” ती मला म्हणाली. “आपल्याकडं काय जनावरांचा दुष्काळ हाय का, गुर्जी? देवळाच्या खांबावर बगा की.”

गावाबाहेरच्या जुन्या महादेवाच्या देवळात खांबावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. तो गंडभेरुंड. त्याची गोष्ट ती अशी सांगायची की, नरसिंहाचा राग आवरेना म्हणून आठ पायांचा शरभ आला. शरभाचा राग आवरेना म्हणून गंडभेरुंड आला.

“आणि गंडभेरुंडाचा राग कुणी आवरला?” मी मुद्दाम विचारलं. मास्तर आहे, खोड जात नाही.

“त्येला दोन तोंडं हायत. आपसातच भांडून दमतंय ते.”



मग तिनं गल्लीतल्या घरांना निशाणं वाटायला सुरुवात केली. ढाली कुठून आणायच्या? म्हणून फाटकी सुपं. त्यांना शेणानं लिंपायचं, वर हळद, नीळ आणि काजळानं जनावर काढायचं. अक्षर मात्र तिचं वाईट, म्हणून ब्रीद लिहायला मी. मला वाटलं, चला, आपल्या सुविचारांना दिवस आले. पहिल्याच दिवशी मी एक अख्खी वही घेऊन गेलो. ‘श्रम हाच ईश्वर’, ‘सत्य हेच सौंदर्य’, ‘संयम हे शस्त्र’. तिनं पानं उलटली आणि वही परत दिली.

“हे समदं शाळंच्या भिताडावर हाय, गुर्जी. आमच्या गल्लीत असं बोलतंय कोण?”

तिची रीत अशी होती की, त्या घरातला माणूस अडचणीत जे खरोखर म्हणतो, तेच त्याचं ब्रीद. त्यामुळे पिठाच्या गिरणीवाल्या भुजंगला मिळाला पंखांचा घोडा आणि ‘लाईट आली की’. कोपऱ्यावरचा पंढरी फोनवर “आलोच” म्हणतो आणि दोन तासांनी उगवतो. त्याला आठ पायांचा शरभ आणि ‘आलोच’. आठ पाय असून हा वेळेवर का येत नाही, असं लोक आता त्याला विचारतात. मला काय मिळालं ते सांगितलंच आहे. मी चार दिवस ते सूप पालथं टाकून ठेवलं. पाचव्या दिवशी वर्गात पोरांनी दंगा केला, तोंडातून शब्द निघून गेला आणि घरी येऊन मी मुकाट्यानं सूप टांगलं.

या सगळ्यात भुजंग तिचा खरा चेला. त्यानंही ती मालिका दोनदा पाहिली होती. गिरणी चालू असताना काही ऐकू येत नाही, म्हणून त्यानं बरीचशी नुसती चित्रं पाहिली होती, आणि पुढचा घोटाळा त्यातूनच झाला असं माझं मत आहे.

त्याच वर्षी पुनमचं लग्न ठरलं. स्थळ लातूरचं. मुलगा कॉलेजात शिकवतो, वडील राजशेखर बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. प्रश्न होता सासूबाईंचा. महानंदाबाई सुपारीला आल्या तेव्हा पाट मांडले, तर म्हणाल्या, “आमच्याकडं असं नसतं, खुर्च्या असतात.” चिवड्यात कढीपत्ता निघाला, “आमच्याकडं असं नसतं.” रामलिंगनं पाहुण्यांना मानाची टोपी घातली, तेव्हाही तेच. पुनम मान खाली घालून बसली होती. ही पोरगी इतकी मऊ की फेरीवाल्यालाही नाही म्हणायला तिला लाज वाटते. म्हटलं, या बाईपुढं हिचं कसं होणार?

लग्नाला महिना राहिला आणि महानंदाबाईंचा फोन आला. रुखवत लातुरात तयार मिळतं, छान थर्माकोलचं, काचेच्या पेटीतलं. ते आम्ही सांगून ठेवतो. तुम्ही हातानं काही करत बसू नका.

साखराबाईनं फोन ठेवला आणि दोन दिवस नुसती भांडी घासत राहिली. मी परसातल्या कुंपणावरून चौकशी केली, तेव्हा भडाभडा बोलली. “समद्या गावच्या पोरींला माज्या हातचं गेलं, गुर्जी. आन् माजी पोरगी दुकानातलं घेऊन जाणार? ती तिकडं एकटी ऱ्हाणार. तिच्या आईचं कायतरी नको का तिच्यासंगं?”

“बघू की,” रामलिंग आतून म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिनं गंडभेरुंडाच्या सांगाड्याला तुरीच्या वाळक्या तुराट्या आणि तार बांधायला घेतली.

तो गंडभेरुंड मी घडताना पाहिला आहे आणि खोटं बोलणार नाही, असं काम मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. अंगभर कुरडया, छातीवर सांडगे, दोन्ही माना शेवयांच्या वेणीच्या. पंखांना उडदाचे पापड, एकावर एक, पिसांसारखे. पायाच्या नख्या सुंठीच्या, डोळ्यांत गुंजा आणि चोचींना लाल मिरच्या, चांगल्या लांब, वाळलेल्या. उंची माझ्या कमरेएवढी. डावं तोंड आपलं, उजवं व्याह्यांचं, असं तिनं ठरवलं होतं. प्रत्येक तोंडाखाली एक सूप आणि सुपावर त्या घराचं ब्रीद.

डाव्या सुपाला मी ‘बघू की’ लिहायला घेतलं तर तिनं ब्रश धरला. “ते मालकाचं हाय, घराचं न्हाई.” घराचं ब्रीद पुनमनं सांगितलं. या घरात कुणीही आलं, मीटर बघणारा येवो की बांधावरून भांडायला आलेला येवो, साखराबाई एकच वाक्य बोलते. मी लिहिलं, ‘जेवून जा’.

“आन् हिकडं लिवा,” उजवं सूप पुढं सरकवून ती म्हणाली, “आमच्याकडं असं नसतं.”

मी ब्रश बाजूला ठेवला. “वहिनी, लग्न मोडायचंय का?”

“कामून मोडंल? त्यांचंच बोलणं हाय. अकरा डाव म्हणल्या त्या.”

मी समजावलं, रागावलो, चहा न पिता उठलो. उपयोग झाला नाही. तिच्या डोक्यात टोमणा नव्हताच, हीच तर पंचाईत. टोमणा असता तर भीती घालून काढून टाकता आला असता. शेवटी मी ते लिहिलं, आणि माझं अक्षर असं की नायगाव तालुक्यात कुणीही ओळखेल.

लग्नाच्या दिवशी मी तयारीनं कार्यालयात गेलो. पिशवीत दुसरं सूप होतं, त्यावर ‘दोन घरे, एक मन’. लोक अक्षतांसाठी जमायच्या गडबडीत असताना सुपं बदलायची, असा बेत. टेबलापर्यंत पोचलो, हात घातला, आणि मागून पुनमचा आवाज आला. मुंडावळ्या बांधलेली नवरी माझ्या मागं उभी.

“राहू द्या, गुर्जी.”

“अगं, तुला तिथं राहायचंय. आयुष्यभर ऐकून घेशील.”

“आईनं खोटं थोडंच लिवलंय?” ती म्हणाली. तिचा हात माझ्या पिशवीवर घट्ट होता. त्या पोरीनं कुणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि ते नेमकं मलाच. मी पिशवी घेऊन जागेवर जाऊन बसलो.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढं महानंदाबाई, मागं राजशेखर. लातूरहून मागवलेली काचेची पेटी एका कडेला होती. तिच्याकडे कुणी बघेना, सगळे गंडभेरुंडाभोवती. महानंदाबाईंनी डावं सूप वाचलं, मान हलवली. उजवं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

मी छताचे पंखे मोजू लागलो.

“म्या सांगितलं, गुर्जीनं लिवलं,” साखराबाई पुढं होत म्हणाली. (शेजारधर्म हा असा.) “तुमच्या घराचं ब्रीद हाय, विहीणबाई.”

“माझी थट्टा लावलीय का?”

“न्हाई वो,” साखराबाईनं हात जोडले. तिचा चेहरा पडला होता, चूक झाल्याचं आता कुठं तिच्या ध्यानात येत होतं. “तुमी म्हणलाव तवा मला लई बरं वाटलं. काय करायचं न्हाई, हे ज्या घराला ठावं हाय, ते घर पक्कं असतंय. माजी पुनम लई मऊ हाय. कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई तिला. म्हणलं, तुमच्याकडं जाऊन शिकंल.”

एवढ्यात राजशेखर हसत सुटले. “तीस वर्षं ऐकतोय मी हे! आज लेखी मिळालं!” ते एकटेच हसत होते. बायकोनं वळून बघितलं आणि त्यांचं हसू घशातच राहिलं. महानंदाबाईंच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. आता ही बाई काय बोलते यावर पुनमचं पुढचं सगळं अवलंबून, हे सभागृहात सगळ्यांना कळत होतं.

एकट्या भुजंगला कळत नव्हतं. तो टेबलामागं लपून बसला होता. ब्रीद वाचून झालं की जनावरानं आग ओकायची, हे त्यानं मालिकेवरून पक्कं ठरवलं होतं. गिरणीमुळे ऐकायची सवय नसल्यामुळे काय चाललंय हे न ऐकता त्यानं नुसतं बघितलं, की पाहुण्यांनी वाचलं. त्यानं दोन्ही तोंडांमागं पळ्यांत ठेवलेला कापूर पेटवला.

क्षणभर खरंच सुंदर दिसलं. मग मिरच्या पेटल्या.

वाळलेली लाल मिरची बंद सभागृहात जळाली तर काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आधी महानंदाबाई, मग वऱ्हाड, मग भटजी, मग बँडवाले. क्लॅरिनेटवाल्यानं श्वास आत घेतला होता, त्याचे फार हाल झाले. चारशे माणसं शिंकत, खोकत, डोळे चोळत बाहेर लिंबाखाली पळाली. आत एकटा रामलिंग उरला. तो “बघू की” म्हणाला, रुखवतातलं एक मोठं पातेलं उचललं आणि दोन्ही तोंडांवर पालथं घातलं. आग विझली.

बाहेर महानंदाबाई खोकत होत्या. “आमच्याकडं अ... अ... असं...” पुढचं येईना. साखराबाई आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसत होती आणि तिचे स्वतःचे डोळे कोण पुसणार, म्हणून महानंदाबाईंच्या पदरानं आपले. कोण मिरचीनं रडतंय आणि कोण खरं, हे काही कळत नव्हतं.

“पण काय हो,” राजशेखर नाक पुसत म्हणाले, “दृष्ट काढताना मिरच्या जाळून ठसका आला नाही, तर दृष्ट लागलेली असते. हो ना? इथं चारशे माणसांना ठसका आला. म्हणजे या जोडप्याला कुणाची दृष्टच नाही!”

म्हाताऱ्या बायकांनी लगेच दुजोरा दिला. एवढी मोठी दृष्ट कुणी काढलेलीच नव्हती, हे महानंदाबाईंनाही मान्य करावं लागलं.

आत गेलो तर गंडभेरुंडाच्या चोची गेलेल्या, तोंडं काळी आणि डावा पंख छान एकसारखा भाजलेला. उडदाच्या भाजल्या पापडाचा वास सगळीकडे सुटला होता. राजशेखरनी पहिलं पीस मोडलं. मग कोण थांबतंय? पाच मिनिटांत पंख फस्त. महानंदाबाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून एक तुकडा तोंडात टाकला. मी बघितलं.

उन्हं उतरली. गाड्या लागल्या. भांडी मागच्या जीपमध्ये गेली, काचेची पेटी गेली. गंडभेरुंड टेबलावर एकटाच उभा होता. साखराबाई त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, तो इथंच राहणार. तेवढ्यात पुढच्या सीटवरून महानंदाबाईंचा आवाज आला.

“तो पक्षी कुठंय? मागं टाकू नका, मोडेल. इकडं द्या.”

त्यांनी तो मांडीवर घेतला, एकपंखी, काळ्या तोंडांचा. दोन्ही सुपं पायाशी ठेवायला लावली. वाऱ्यानं उरलेला पंख मोडू नये म्हणून मे महिन्यात सगळ्या काचा वर करायला लावल्या. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला.

मग पाठवणी. लेकीला निरोप देताना काहीतरी भारदस्त म्हणायचं, असं साखराबाईनं महिनाभर आधी ठरवलं होतं. त्यासाठी माझ्याकडून तीन सुविचार चिठ्ठीवर लिहून घेतले होते. चिठ्ठी तिच्या मुठीत होती. पुनम गाडीशी आली. साखराबाईनं तोंड उघडलं, चिठ्ठीकडे बघितलं, पुनमकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं, “जेवून जा.”

सगळे हसले. पंगती उठून भांडी घासायला गेली होती. पुनम मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“आई, म्या सकाळपासून काहीच खाल्लं न्हाई.”

आधी विधी, मग फोटो, मग मिरच्या, मग परत फोटो. चारशे माणसं जेवली होती आणि नवरीला कुणी विचारलं नव्हतं. वरपक्षातलं कुणीतरी म्हणालं, उशीर होतोय, लातूर लांब आहे, वाटेत काहीतरी खाईल. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पुनम नेहमीसारखी मान हलवून गाडीत चढायला लागली.

“आमच्याकडं असं नसतं!”

महानंदाबाई पक्ष्यासकट गाडीतून खाली उतरल्या होत्या. “गाडी बंद कर. आमच्याकडची सून उपाशी निघत नाही. कुणी कुठं जायचं नाही. आधी वाढा तिला.”

रामलिंग ताट घेऊन आला. वरणभात, आणि उजव्या पंखाचे दोन पापड महानंदाबाईंनी स्वतः मोडून भाजून आणायला सांगितले. पुनम कार्यालयाच्या पायरीवर शालूसकट बसली आणि भरभर जेवायला लागली. एका बाजूला आई, एका बाजूला सासू. साखराबाई रडत होती आणि भातावर तूप वाढत होती. चिठ्ठी तिच्या हातातून पडली, ती कुणी उचलली नाही. मीही नाही.

तेवढ्यात बँडवाल्यांना वाटलं, निरोपाची वेळ झाली. त्यांनी ढोल उचलला, वऱ्हाडात पुन्हा गलका सुरू झाला. माझं डोकं फिरलं.

“गप्प बसा!” मी सगळा जोर लावून ओरडलो. “पोरगी जेवतीय!”

आणि चारशे माणसं गप्प बसली.